म्हातारीला पातळ चालत न्हाय

मोटारीच्या इंजिनात मी एकदा लूमचं तेल ओतलं. चुकून ओतलं असतं तर आज सांगायला एवढी लाज वाटली नसती. मी ते नीट विचार करून ओतलं. पदर खोचून, नरसाळं लावून आणि कॉलेजात पाठ केलेली एक व्याख्या तोंडातल्या तोंडात पुटपुटत.

ज्यांनी भिवंडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. लूमचं तेल म्हणजे यंत्रमागाला घालतात ते तेल. पाण्यासारखं पातळ आणि पाण्यासारखंच स्वच्छ, कारण कापडावर त्याचा डाग पडून चालत नाही. आमच्या गावात ते घरोघरी असायचं. शिवणयंत्राला तेच, दाराच्या बिजागरीला तेच. मोटारीला मात्र ते कुणी घालत नसे. ती अक्कल मला सुचली.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, बी.एस्सी. होते, दादरहून लग्न होऊन नुकतीच कासारआळीत आले होते आणि मला सगळं येत होतं. आता पंचाहत्तरी उलटली. आता फारसं काही येत नाही, आणि जे येतं त्यातलं बरंचसं गोमाकाकांमुळे येतं. हे लिहायला बसले ती त्यांच्यासाठीच.

गोमाकाका कामतघरला लूमच्या एका कारखान्यात फिटर होते. वय पन्नाशीच्या पुढे, अंगात खाकी अर्धी चड्डी, खांद्यावर कापडाची चिंधी. चाळीत एका खोलीत एकटे राहायचे. पहिल्या पाळीला जायच्या आधी रोज सकाळी वाकडी वाट करून ते आमच्या दारात यायचे, आमची मोटार चालू करायला लावायचे आणि तिच्या मागे उकिडवे बसून, डोळे मिटून, तिचा धूर हुंगायचे. समोरच्या काकूंनी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, हा माणूस तुमच्या गाडीची पूजा करतो की काय?"

पूजा नव्हती, तपासणी होती. धूर निळा की पांढरा, वास करपट की कच्चा, सगळं ते नाकावर घ्यायचे आणि उठून डॉक्टरांना निकाल सांगायचे. डॉक्टर म्हणजे आमचे हे. त्यांचा भिवंडीत दवाखाना होता, पण जीव होता अंबाडी नावाच्या खेड्यात. सोमवारी आणि गुरुवारी ते औषधांच्या पेट्या घेऊन अंबाडीला जात आणि एका वाण्याच्या दुकानामागच्या खोलीत बसत. आसपासच्या पाड्यांवरून माणसं कडेवर पोरं घेऊन चालत येत. एसटी होती, पण पेट्या टपावर टाकून एसटीच्या मर्जीनं डॉक्टरकी होत नाही. गाडी होती म्हणून वार चुकत नव्हता.

आणि गाडी कसली, तर ठाण्याच्या एका वकिलांकडून तिसऱ्या हातानं आलेली, काळी, बसकी, विलायती. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. सगळे तिला म्हातारीच म्हणायचे. म्हातारी बसली की अंबाडी बसली, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. दुसरी गाडी घेणं आमच्या स्वप्नातही येत नव्हतं.

काकांची आणि तिची ओळख दवाखान्यातच झाली. काका हाताचं गळू दाखवायला आले होते. बाहेर गाडी चालूच ठेवलेली, कारण एकदा बंद केली की परत चालू होईलच अशी खात्री नसायची. डॉक्टर गळू कापत होते आणि काकांचं लक्ष खिडकीबाहेर. म्हणाले, "डाक्टर, माझा हात ऱ्हाऊ द्या. आधी सांगा, ही कोन खोकते?"

दुसरा प्रश्न विचारला, "वय काय हिचं?"

हा त्यांचा आवडता प्रश्न. यंत्र असो, माणूस असो, फणसाचं झाड असो, काका आधी वय विचारायचे. "आधी वय बघ, मंग तेल बघ." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब नाही. आळीतल्या बायका गंमत करायच्या, "काका, केसांना कुठलं लावू?" तर हा गृहस्थ गंभीरपणे विचारणार, "वय?" बायका हसत पळायच्या आणि काका विचारात पडायचे की यात हसण्यासारखं काय होतं.

त्यांचं शास्त्र साधं होतं. मला ते पहिल्याच आठवड्यात ओट्यावर बसवून सांगितलं, जणू नव्या सुनेला देवघर दाखवावं तसं. "बाय, इंजिन पोरगी हाय तवर तिचे सांधे घट्ट. पातळ तेल बी थांबतं. म्हातारपनी सांधे झिजतात, फट पडते. तिथं जाड तेल पायजे, लोडासारखं. टेकून बसायला. म्हातारीला पातळ चालत न्हाय." उन्हाळ्यात पन्नास नंबर, पावसाळ्यात नि थंडीत चाळीस. तीस नंबरचं नाव काढलं की तोंड वाकडं करायचे. "तीस नंबर म्हंजे ताक."

तेल पचतंय की नाही हे पाहायची त्यांची रीत निराळी होती. कारखान्यातल्या कोऱ्या कापडाच्या चिंध्या आणायच्या, मापायच्या पट्टीवरचा तेलाचा एक थेंब त्यावर पाडायचा आणि ती चिंधी वाळत घालायची. कुठे, तर माझ्या दोरीवर, माझ्या लग्नातल्या साड्यांच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी थेंब पसरलेला असायचा आणि काका तो पत्रिका वाचावी तसा वाचायचे. "मधी काळा, भवती पिवळा, कड साफ. पचतंय हिला." आणि मी, नवी नवरी, माझ्या अबोली साडीवर डाग आलाय का ते बघत नाक मुरडायची.

एका थंडीतल्या रविवारी ते आम्हा दोघांना अकलोलीला घेऊन गेले. मला वाटलं, वज्रेश्वरीचं दर्शन होईल, गरम कुंडात पाय शेकता येतील. काकांनी पिशवीतून तेलाच्या दोन बाटल्या काढल्या, त्यांच्या गळ्यांना सुतळी बांधली आणि कुंडात सोडल्या. आंघोळीला बसलेला एक माणूस भडकला.

"ओ काका, देवाच्या पाण्यात काय बुडवताय?"

"देवालाच दावतोय," काका म्हणाले, "कुठला चांगला ते."

बऱ्याच वेळानं बाटल्या वर काढल्या आणि माझ्या डोळ्यांसमोर आडव्या केल्या. एकीतलं तेल सरळ पळालं, दुसरीतलं सावकाश सरकत आलं. "बघ बाय. थंडीत दोघं बी शाने दिसतात. ऊन लागला की कळतं कोन कसा हाय."

मी हसून म्हटलं, "काका, याला व्हिस्कॉसिटी म्हणतात. आम्हाला कॉलेजात होतं."

"म्हनत असतील," काका म्हणाले. "तुमच्या कालेजात गाडी व्हती?"

डॉक्टर असे हसले की मला राग आला. बी.एस्सी. झालेल्या बाईला नवऱ्यासमोर कुणी असं विचारू नये. मी मनात ठरवलं, दाखवीन.

संधी उन्हाळा लागताच आली. काका पुतणीच्या लग्नाला तीन दिवस गावी गेले. बुधवारी दुपारी मी, ते करायचे तसं, पट्टी काढून पाहिली. तेल कमी. पन्नास नंबरचा डबा रिकामा. आणि पडवीत लूमच्या तेलाचा भरलेला डबा, एका कारखानदार पेशंटनं प्रेमानं पाठवलेला. मी दोन्हींची तुलना केली. पट्टीवरचं तेल काळं, चिकट, घाणेरडं. डब्यातलं तेल असं नितळ की तळ दिसावा. मी विचार केला, पातळ तेल सांध्यासांध्यांत पोचेल, घर्षण कमी होईल, गाडी हलकी पळेल. गोमाकाकांना वीस वर्षांत जे सुचलं नाही ते मला वीस मिनिटांत सुचलं होतं. ओतलं. चांगलं पट्टीच्या वरच्या खुणेपर्यंत ओतलं. इंजिनातलं निम्मं तेल तरी आता माझं होतं.

गुरुवारी सकाळी म्हातारी पहिल्या झटक्यात चालू झाली. डॉक्टर म्हणाले, "आज हिचा आवाज किती मऊ येतोय गं." मी नुसती हसले. ते हसू आठवलं की आजही पायाच्या नखापर्यंत शरमते.

वाटेत अनगावच्या पुढे इंजिन तापलं आणि आत कुणी हातोडी घेऊन बसल्यासारखी टकटक सुरू झाली. मग तेलाचा दाब दाखवणारा काटा खाली पडला. दुपारी विटांच्या एका ट्रकनं दोराला बांधून म्हातारीला दारात आणून सोडलं. अंबाडीत माणसं ऊन कलेपर्यंत रस्त्याकडे बघत बसली होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं. त्यात तापानं फणफणलेली दोन मुलं होती.

शुक्रवारी काका आले. अंगाला अजून लग्नाच्या हळदीचा वास. त्यांनी पट्टी काढली, बोटावर तेल घेतलं, नाकाशी नेलं. वीस वर्षं ज्या तेलात माणूस जगला ते तेल ओळखायला त्याला क्षण लागला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पडवीतल्या अर्ध्या झालेल्या डब्याकडे पाहिलं. मी हातात चहाचा कप घेऊन उभी होते.

"काय झालं काका?" डॉक्टरांनी विचारलं.

काकांनी चिंधीला बोट पुसलं. "माझी चूक हाय, डाक्टर. गावाला जायच्या घाईत भरून ठेवला, तवा डबा बदलला."

माझ्याजवळ तीन वर्षं कॉलेजात जमवलेले शब्द होते. ते सगळे घेऊन मी आत गेले आणि दुसरा चहा ठेवला.

त्यानंतर आठ दिवस पाळी संपली की काका गाडीखाली आडवे व्हायचे. बेअरिंगं बदलली, खोललं ते पुसलं, परत लावलं. मी रोज चहा घेऊन जायची, आज सांगूच असं ठरवून. काका गाडीखालून हात बाहेर काढून कप घ्यायचे आणि म्हणायचे, "साखर कमी हाय, बाय." बस्स, एवढंच. मी आत जाऊन साखर आणायची. सत्य काही आणत नव्हते.

गोष्ट कामतघरला पोचायला वेळ लागला नाही. ज्या माणसाला इतर कारखान्यांतले फिटर तेलाबद्दल विचारायला यायचे, त्याला आता चहाच्या टपरीवर हाका पडायला लागल्या. "क्या गोमाशेठ, आज कौनसा डब्बा?" "गोमा, लूमला पन्नास नंबर घालू काय?" काका चहा संपवायचे आणि उठायचे.

यापेक्षा वाईट आमच्या घरात झालं. डॉक्टर रागावले नाहीत, ते फार हळुवारपणे बोलले, आणि तेच जास्त लागलं असणार. "काका, तुम्ही दमता आता. वय झालं. यापुढे तेलाचं मी पेट्रोलपंपाजवळच्या गॅरेजवाल्याकडे बघत जाईन." ज्यानं आयुष्यभर सगळ्यांचं वय विचारलं, त्याला कुणीतरी त्याचं सांगितलं. काकांनी मान हलवली, दोरीवरच्या आपल्या चिंध्या काढून घेतल्या आणि गेले. माझी दोरी मोकळी झाली. साड्या ऐसपैस वाळायला लागल्या. मला त्या दोरीकडे बघवेना.

गॅरेजवाला तरुण आणि उत्साही. त्यानं नवीन निघालेलं तेल भरलं. "डॉक्टरसाब, ये धोनेवाला तेल है. अंदर से चमका देगा." डॉक्टर खूश. मीही मनात म्हटलं, चला, सुटले.

पण काका सकाळची वाकडी वाट सोडेनात. फक्त आता ते दारात येत नसत. रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचे, गाडी निघाली की नाक वर करून धूर हुंगायचे आणि पाळीला जायचे. एका गुरुवारी, डॉक्टर आत पेट्या भरत असताना, मला ते बघवलं नाही. रस्ता ओलांडून गेले.

"काका, काय दिसतंय?"

"मी कोन बोलनार?" ते म्हणाले. पण त्यांच्या पोटात राहीना. "काटा खाली येतोय का गेलं आठ दिस?"

येत होता. डॉक्टर कालच म्हणाले होते.

"धुतली हिला त्यानं. बाय, इतक्या वर्सांचा मळ हाय तिच्या पोटात. त्या मळाला टेकूनच ती उभी हाय. पोरीला धुवा, चमकेल. म्हातारीला येका दमात धुतली तं मळ सुटतो आन खालच्या जाळीत जाऊन बसतो. मंग तेल वर चढत न्हाय. आज अंबाडीपावतर जाईल ती. परत येनार न्हाय. आन या वक्ताला बेअरिंगावर भागनार न्हाय, इंजिनच जाईल."

"मग डॉक्टरांना सांगा ना."

काका माझ्याकडे बघून अगदी साधेपणानं म्हणाले, "डबे बदलनाऱ्याचा कोन ऐकतो, बाय?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते. मी परत रस्ता ओलांडला. डॉक्टर पेटी उचलून दारात आले होते.

"अहो, गाडी काढू नका."

"का?"

"लूमचं तेल मी ओतलं होतं."

त्यांनी पेटी खाली ठेवली. "काय?"

"काका गावाला गेले होते तेव्हा. मी. मुद्दाम. मला वाटलं, बरं असतं."

"आणि त्यांनी जे सांगितलं..."

"ते खोटं. आणि मी गप्प बसले."

गळ्यात स्टेथोस्कोप, पायात एकच चप्पल, तसेच डॉक्टर रस्त्यापलीकडे गेले. मी मागोमाग.

"काका, चला. चेंबर खोला."

"ड्युटी हाय माझी."

"ड्युटीवर मी चिठ्ठी देतो."

"काय आजार लिवनार?"

"खोटं बोलण्याचा," डॉक्टर म्हणाले. "साथ आहे. आमच्या घरीही एक पेशंट आहे."

काका खाली बघून हसले. मी त्यांना त्या महिन्यात पहिल्यांदा हसताना पाहिलं.

चेंबर खोलला, म्हणजे इंजिनाच्या पोटाखालची तेलाची टाकी उतरवली. आतली जाळी काजळाच्या डबीसारखी लिंपलेली होती. एका कोपऱ्यात चार भोकं उघडी, बाकी सगळी बुजलेली. डॉक्टरांनी आधी ती बघितली, मग काकांचा हात बघितला, ज्या हाताचं गळू त्यांनी कापलं होतं. काकांनी जाळी धुतली, चेंबर धुतला. पंपावर मी स्वतः चालत गेले आणि पन्नास नंबर, साधं, बिनसाबणाचं तेल घेऊन आले. पंपवाल्यानं दोनदा विचारलं, "वहिनी, हेच पाहिजे ना?" दोन्ही वेळा मी म्हटलं, "हेच."

अकरा वाजता म्हातारी चालू झाली. खोकली, निळसर धूर सोडला, आणि काटा वर चढून उभा राहिला. डॉक्टर दोन तास उशिरा का होईना, अंबाडीला गेले आणि दिवस मावळायच्या आत परत आले. पुढची सहा वर्षं त्यांचा एकही वार गाडीपायी चुकला नाही. त्या आठवड्यात ते स्वतः कामतघरच्या टपरीवर जाऊन काकांसोबत चहा पिऊन आले आणि डबा कुणी बदलला ते सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगून आले. माझी अब्रू गावभर, थेट वऱ्हाळा देवीच्या तळ्यापर्यंत पोचली. योग्यच झालं.

मी पुढे गाडी चालवायला शिकले. तेल बदलायला शिकले. पाण्याची मोटार, इस्त्री, मिक्सर, नातवाचा संगणक, काय काय खोललं आणि त्यातलं काय काय परत जोडता आलं नाही, ते घरचे सांगतील. पण खोलायला घाबरले नाही कधी. कशामुळे, ते एवढ्यासाठीच लिहिते आहे.

त्या गुरुवारी गाडी गेल्यावर आम्ही दोघं न्हाणीपाशी रॉकेलनं हात धूत उभे होतो. मी म्हटलं, "काका, माझं चुकलं. पण तुम्ही का घेतलंत स्वतःवर? तुमचं नाव गेलं सगळीकडे."

काका नखातलं काळं काढायला लागले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझी बायको व्हती, बाय. नवी नवरी असताना तिनं माझ्या सायकलच्या चेनीला खोबरेल घातला, मना बरं वाटंल म्हनून. मी तिला चार मानसांत बोललो. लई बोललो. मंग एकवीस वर्सं नांदली, पन माझ्या कुठल्या वस्तूला तिनं हात लावला न्हाय. जेवान वाढायची आन लांब बसायची. गेली तवा बी लांबच व्हती. तू लांब बसू नको. उद्या सकाळी ये, पट्टी कशी बघायची ते दावतो."